समंगेच्या अलीकडे : मराठी वाङ्मयातील अपंग व्यक्ती आणि तिचा व्यवसाय

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. तथापि तिचा शेवट फारसा कोणी ध्यानात ठेवीत नाही. गर्भात असतानाच पित्याच्या पठणातील दोष दाखविल्यामुळे शाप मिळून आठ ठिकाणी वाकडा झालेला हा मुलगा जनकराजाच्या यज्ञमंडपाच्या दारी येतो. द्वारपाल त्याला अडवितो. ज्ञानाचे मोजमाप पिकल्या केसांवरून होत नसते हे त्याला पटवून देऊन अष्टावक्र आत जातो, बंदीसारख्या कसलेल्या पंडिताला वादात जिंकतो आणि वादात हरल्यामुळे पाण्यात बुडविल्या गेलेल्या आपल्या पित्याला परत मिळवितो. येथवरची कथा विद्येची आहे. पण पुढे पिता कहोड त्याला समंगा नदीत स्नान करावयास सांगतो आणि नदीतून बाहेर येताच त्याचे सर्व अवयव सरळ होतात.

या शेवटाची कथेला काही गरज होती काय? विद्वत्तेचा निर्णय सभेत लागून चुकला होता. पिता सुटला होता, प्रतिस्पर्धी नमला होता. अवयव वाकडेच राहिले असते तरी अष्टावक्राच्या विजयात तिळमात्र उणेपणा आला नसता. पण वाकडा आणि तरीही विजयी असा मनुष्य सभेतून निघून आपल्या घरी जातो व पुढे तसाच जगतो, हे चित्र कथाकाराच्या मनाला पेलले नसावे. म्हणून त्याने नदी आणली.

ही समंगा नदी आपल्या वाङ्मयातून अद्याप आटलेली नाही, हे या लेखाचे प्रतिपादन आहे. अपंग व्यक्ती आपल्या कथा-नाटकांत येत नाहीत असे नाही. त्या पुष्कळ येतात. पण कोठे त्या रूपक होतात, कोठे नियतीचे चिन्ह होतात, कोठे चमत्कार होतात, तर कोठे शस्त्रक्रियेने वा दैवी कृपेने बऱ्या होऊन आपला प्रश्नच मिटवून टाकतात. ज्याचे अवयव कधीच सरळ होणार नाहीत, त्याने दहावीनंतर शिकावयाचे कोठे, आणि शिकून झाल्यावर अर्ज कोणाकडे करावयाचा, हा समंगेच्या अलीकडचा प्रश्न मात्र आपल्या लेखकांनी क्वचितच हाती घेतला आहे.

महाभारतातच याचे दुसरे उदाहरण आहे. धृतराष्ट्र ज्येष्ठ पुत्र. परंतु अंध म्हणून त्याला राज्यपद नाकारले जाते आणि धाकट्या पांडूस अभिषेक होतो. पुढे पांडू वनात गेल्यावर कारभार पाहावयाचा कोणी? तर त्याच धृतराष्ट्राने! म्हणजे पदासाठी अपात्र ठरलेला मनुष्य कामासाठी मात्र पात्र ठरला. आजच्या कचेरीच्या भाषेत यास हंगामी नेमणूक म्हणता येईल. धृतराष्ट्राच्या मनातील कडवटपणाचे विवेचन आपल्या टीकाकारांनी पुत्रमोहाच्या अंगाने पुष्कळ केले आहे. नाकारलेल्या नेमणुकीच्या अंगाने ते अजून व्हावयाचे आहे.

संतवाङ्मयाकडे वळल्यास असे दिसते की, एकनाथांनी आपल्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा अशा भूमिका घेतल्या. ते एका थोर लोकशिक्षकाचे कार्य होते यात शंका नाही. रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्याचा आवाज नाथांनी परमार्थाच्या पीठावर नेला. पण त्या भूमिकेतील आंधळा हा आत्मज्ञानाला पारखा झालेला जीव आहे. त्याचे आंधळेपण हे तुमचे-आमचे आंधळेपण आहे. रूपक म्हणून हे समर्थच आहे. परंतु रूपकाचा एक स्वभावधर्म असा की, ते ज्या वस्तूवर उभे राहते तिला झाकून टाकते. ऐकणारा आपल्या अज्ञानाचा विचार करीत घरी जातो आणि वेशीवरचा खरा आंधळा तेथेच राहतो.

भाषेनेही हाच मार्ग धरलेला आहे. आपण लंगडी सबब म्हणतो, आंधळा विश्वास म्हणतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही म्हण शाळेतल्या मुलालाही पाठ असते. या म्हणीत एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. ते आंधळे माणूस दळीत आहे. काम करीत आहे. त्याचे पीठ कोणी राखत नाही, हा दोष त्याच्या डोळ्यांचा की भोवतालच्या डोळसांचा, हे म्हण विचारीत नाही.

आधुनिक रंगभूमीचा प्रारंभ ज्या नाटकापासून मोजण्याची प्रथा आहे, त्याचेच नाव पाहावे. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. नॉर्वेचा नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकावरून रचलेले हे नाटक स्त्री-पुरुषांच्या नीतीविषयीच्या दुटप्पी कसोटीची चर्चा करते, आणि त्यात जिला शाळा म्हटले आहे ती आंधळ्यांची शाळा नव्हे. मुंबईत अंध मुलांसाठी खऱ्याखुऱ्या शाळा त्यापूर्वीच निघालेल्या होत्या. त्यांपैकी व्हिक्टोरिया मेमोरियल ही १९०२ सालची. पण त्या शाळेतल्या मुलांचे नाटक कोणी लिहिले नाही. नाटककाराला दोष देण्याचा हेतू नाही. आपल्या वाङ्मयाची दृष्टी कोणीकडे होती एवढेच दाखवावयाचे आहे.

आमच्या धारवाडात बसून ज्यांनी मराठी कथेला नवी खोली दिली, ते जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांतही देहाने खुरटलेली, विद्रूप झालेली, अवयव गमावलेली माणसे वारंवार भेटतात. 'काजळमाया' आणि 'पिंगळावेळ' या संग्रहांच्या वाचकास हे सांगावयास नको. तेथील व्यंग हे नियतीने माणसावर उमटविलेली मुद्रा आहे. जी. एं.च्या प्रतिभेची जात लक्षात घेता त्यांच्याकडून याहून वेगळे मागणे अरसिकपणाचे होईल. परंतु त्यांच्या मागून आलेल्या लहान लेखकांनी ती मुद्रा उचलली आणि नियतीची जाण मात्र मागे ठेवली, त्यामुळे व्यंग हे कथेत गांभीर्य आणण्याचे स्वस्त साधन होऊन बसले. नियतीने ज्याला लंगडा केला त्याने व्यवसाय-शिक्षणाचा विचार करावा, ही कल्पनाच मग विसंगत वाटू लागते.

चित्रपट हा या लेखाचा विषय नव्हे; तरी 'श्वास'चा (२००४) उल्लेख टाळता येत नाही, कारण माधवी घारपुरे यांच्या कथेवरून निघालेल्या या चित्रपटाने समंगेला ठाम नकार दिला. लहानग्या परशुरामाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी द्यावी लागणार. आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला शहर दाखवून आणतात. शेवटी दृष्टी परत येत नाही. मुलगा आंधळा होऊनच गावी परततो. एवढे धैर्य आपल्या कलाकृतींत विरळा. तथापि शिक्षकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो चित्रपट संपल्यावर उभा राहतो. हा मुलगा उद्या कोणत्या शाळेत जाईल? ब्रेल त्याला कोण शिकवील? कोकणातल्या त्या गावापासून अंधशाळा किती कोस असेल? 'श्वास' जेथे थांबतो, तेथे त्या मुलाचे आयुष्य सुरू होते.

याच्या उलट टोक म्हणजे चमत्कार. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीस मुकले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन ते केवळ श्रवणाने शास्त्रे आत्मसात करीत, आणि उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ सांगितले. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणून वंदन करतो आणि ते योग्यच आहे. पण वंदन करताना ती दुसरी माणसे आपण विसरतो, जी त्यांच्यापुढे बसून वाचीत होती आणि त्यांचे शब्द लिहून घेत होती. आजच्या परीक्षागृहातील लेखनिक याहून निराळा कोण आहे? जे आपण चमत्कार म्हणून दूर ठेवतो, त्यात एका साध्या सोयीचा वाटा आहे आणि ती सोय प्रत्येक अंध विद्यार्थ्याला देता येण्याजोगी आहे. चरित्रकाराने हे सांगितले, तर थोरवी रतिभरही कमी होत नाही. उलट ती अनुकरणीय होते.

असे एक अनुकरण आमच्या या मुलखात प्रत्यक्ष घडले आहे. हुबळीच्या पूर्वेस गदग येथे पंचाक्षरी गवई (१८९२–१९४४) आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई (१९१४–२०१०) या दोघा अंध गुरुशिष्यांनी वीरेश्वर पुण्याश्रम नावारूपास आणला. पंचाक्षरींनी मिरजेच्या नीलकंठबुवांकडून हिंदुस्थानी गायकीची विद्या घेतली. म्हणजे या परंपरेच्या मुळाशी मराठी-कन्नड असा भेद नाही. आश्रमात अंध आणि अनाथ मुलांना अन्न, वस्त्र आणि गाणे विनामूल्य मिळाले. खर्च भागविण्यासाठी नाटक कंपनीही चालविण्यात आली. येथून निघालेले विद्यार्थी गायक झाले, तबलजी व पेटीवादक झाले, शाळांतून संगीतशिक्षक झाले. ज्या काळी सरकारी सवलत हा शब्दही कोणी ऐकला नव्हता, त्या काळी दोन आंधळ्या माणसांनी इतर आंधळ्यांच्या हाती भिक्षापात्राऐवजी तंबोरा दिला, ही घटना कोणत्याही कादंबरीस पुरून उरेल. मराठीत ती कादंबरी नाही.

तथापि गदगच्या थोरवीला एक मर्यादाही आहे, आणि ती आश्रमाची नसून समाजाची आहे. अंध म्हटला की गाणे, असा आपला एक ठराव होऊन गेला. ज्याला सूर लागत नाही, ज्याला इतिहास आवडतो, ज्याला हिशेब जमतो, त्या अंध मुलाने काय करावे? पात्रता म्हणजे केवळ काहीतरी करता येणे नव्हे. अनेक गोष्टींतून एक निवडता येणे म्हणजे खरी पात्रता. पुढचे शिक्षण हवे ते एवढ्यासाठी.

येथे वस्तुस्थितीचा थोडा आढावा घेणे इष्ट ठरेल. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. त्यांपैकी साक्षर सुमारे ५५ टक्के, आणि कोणत्या ना कोणत्या कामावर असलेल्या सुमारे ३६ टक्के. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के प्रवेश राखले, प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट दिली आणि अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. या सवलतींस ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्वाचा दाखला लागतो. शिवाय नोकरीवर असलेल्या अपंग व्यक्तीला आपले काम करता यावे म्हणून योग्य ती तजवीज करून देणे हे सरकारी कचेऱ्यांचे कर्तव्य ठरविले. कायदा एवढा पुढे गेला आहे. पण कलघटगीच्या एखाद्या मुलीला दहावीनंतर हुबळीच्या महाविद्यालयात जावयाचे, तर सुमारे ३० किलोमीटरच्या त्या प्रवासात तिची गाठ कायद्याच्या कलमांशी पडत नाही. बसच्या उंच पायरीशी पडते, दुसऱ्या मजल्यावरील वर्गाशी पडते, आणि 'ही शिकून काय करणार?' असे विचारणाऱ्या शेजाऱ्याशी पडते. आम्हां शिक्षकांस हे रोज दिसते. कलम आणि पायरी यांमधल्या या अंतरातच कथेचे बीज आहे, आणि तेच आपल्या कथाकारांना दिसलेले नाही.

ते ज्या एका मराठी पुस्तकाला दिसले, ते म्हणजे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर निकामी झालेली ही मुलगी निराशेच्या तळाशी गेली. पुढे स्वतः चाकाच्या खुर्चीत राहून उद्योगधंदा करणाऱ्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने तिला आयुष्याची दिशा मिळाली. तिने शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था कोल्हापुरात उभी केली. या सर्व हकिकतीत नदी कोठेही नाही. लेखिकेचे पाय शेवटच्या पानापर्यंत सरळ होत नाहीत, आणि आपणही वाचताना हळूहळू ती अपेक्षा सोडून देतो. वाचकाच्या मनात घडून येणारा हा पालट म्हणजे या पुस्तकाचे खरे वाङ्मयीन यश होय.

पुस्तकाचे नाव विचार करण्यासारखे आहे. मराठीत खुर्ची हा शब्द केवळ आसनाचा वाचक नाही. तो पदाचा, अधिकाराचा, मानाच्या जागेचाही वाचक आहे. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाची गेली, असे आपण नित्य बोलतो. शारीरिक गरजेची खुर्ची आणि कचेरीतील खुर्ची या दोहोंमधले अंतर कापण्याची ही कथा आहे. पहिलीला चाके आहेत आणि दुसरीपर्यंत जाण्याच्या वाटेवर पायऱ्या आहेत. लेखिकेने हा श्लेष योजून साधला असेल वा नसेल. तो भाषेनेच तिच्या हाती दिला आहे.

शैलीच्या दृष्टीने हे लेखन साधे, क्वचित पसरट आहे. आत्मचरित्राचे संस्थाचरित्र होत जाणे हा सेवाकार्य करणाऱ्यांच्या आत्मकथनांना जडलेला धोका आहे, आणि हे पुस्तकही त्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. परंतु एका बाबतीत ते आपल्या ललित लेखकांना धडा देते. प्रसाधनगृह कोठे आहे, गाडीत कोणी चढवायचे, एका जागी तासन्‌तास बसल्याने त्वचेला होणाऱ्या जखमांची काळजी कशी घ्यायची, या गोष्टी अशा आयुष्यात प्रतिष्ठेच्या प्रश्नाइतक्याच मोठ्या असतात. आपल्या कथेतील अपंग नायकाला अश्रू असतात, स्वाभिमान असतो, क्वचित प्रेमही असते. पण प्रसाधनगृहाची गरज कधीच पडत नाही. तपशिलाचा हा अभाव केवळ सभ्यतेमुळे आलेला नाही. लेखकाने त्या माणसाबरोबर एक संपूर्ण दिवस काढलेला नाही, याची ती खूण आहे.

वैचारिक पाठबळ म्हणून बाबा आमटे यांच्या 'ज्वाला आणि फुले' (१९६४) या काव्यग्रंथाचे स्मरण येथे होते. दयेपेक्षा संधी मोठी हा विचार मराठी कवितेत इतक्या तेजाने त्यापूर्वी आलेला नव्हता. आनंदवनात त्याच विचारातून अपंगांच्या व्यवसाय-शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या केंद्राचे नाव 'संधिनिकेतन' आहे, ही गोष्ट बोलकी आहे. परंतु बाबांची कविता हे आवाहन आहे, आणि आवाहनाचा आवाज नेहमी उंच असतो. संधी मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कसा जातो, हे खालच्या स्वरात सांगण्याचे काम गद्याचे आहे. 'चाकाची खुर्ची'ने ते आरंभिले. ते पुढे नेणारी कादंबरी अद्याप यावयाची आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. वाङ्मय हे काही सेवायोजन कार्यालय नव्हे. अपंगांना नोकऱ्या मिळतात की नाही हे पाहणे सरकारचे काम, कथाकाराचे नव्हे. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळातील वाद येथे पुन्हा उकरून काढण्याची इच्छा नाही, कारण मुळात हा प्रश्न प्रचाराचा नसून सत्यतेचा आहे. पोट भरण्याची धडपड हा मनुष्यजीवनाचा निम्मा भाग आहे. शेतकरी, गिरणीकामगार, कारकून, शिक्षक यांच्या कथांत ती धडपड आपण आवर्जून शोधतो आणि ती नसल्यास कथा पोकळ म्हणतो. अपंग पात्राच्या बाबतीतच ती नसली तरी आपणांस चालते. याचे कारण, मनातल्या मनात आपण त्याला पोसला जाणारा जीव समजतो. आमची कलघटगी रंगीत लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. सुंदर नक्षीचे, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे ते पाळणे. आपल्या वाङ्मयाने अपंग व्यक्तीला असाच एक नक्षीदार पाळणा करून दिला आहे आणि ती मोठी झाली हे ध्यानात घेण्याचे नाकारले आहे.

जे टीकाकारांनी सांगावयास हवे होते, ते अखेर न्यायालयाला सांगावे लागले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हिंदी चित्रपटाविषयीच्या खटल्यात अपंगांच्या चित्रणाबद्दल काही तत्त्वे घालून दिली. अपंगांना हसण्याचा विषय करू नये, तसेच त्यांना अतिमानवही बनवू नये; त्यांच्या केवळ अडचणी न दाखविता त्यांचे कर्तृत्व आणि समाजातील सहभागही दाखवावा; आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांना वगळून घेऊ नयेत, असा त्यांचा आशय आहे. वाङ्मयविचाराची ही सूत्रे निकालपत्रात वाचावी लागावीत, ही साहित्यसंस्थांनी अंतर्मुख व्हावे अशीच गोष्ट आहे. त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये, केवळ दृष्टिहीन म्हणून कोणासही न्यायाधीशपदासाठी अपात्र मानता येणार नाही, असा निर्णय दिला. धृतराष्ट्राला नाकारलेले आसन कायद्याने आता खुले झाले आहे.

शब्दांविषयीही थोडे सांगणे प्राप्त आहे. पंगू, अपंग, विकलांग आणि २०१५ च्या अखेरीपासून सरकारदरबारी रूढ झालेला दिव्यांग, असा हा प्रवास आहे. यांतील कोणताही शब्द कोणी आदराने वापरला तर त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. परंतु 'दिव्य' या शब्दातही समंगेचे थोडे पाणी आहे, हे विसरू नये. ज्याला दाखला, बसचा पास आणि नेमणुकीचे पत्र हवे आहे, त्याला दिव्यत्व देऊन आपले कर्तव्य संपत नाही.

या पत्रिकेचे वाचक बहुतांशी शिक्षक आहेत, म्हणून शेवटी दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, पाठ्यपुस्तकातील वा वाचनालयातील ज्या कथेत अपंग पात्र असेल, ती शिकविताना वर्गाला तीन साधे प्रश्न विचारावेत : हा मनुष्य काय शिकला? त्याची उपजीविका कशावर चालते? आणि कथा संपल्यानंतरच्या सोमवारी तो कोठे जाईल? ज्या कथेजवळ यांची उत्तरे नाहीत, तिच्यातील करुणा कितपत खरी आहे हे मुलेच सांगतील. दुसरी सूचना साहित्यसंस्थांना आहे. बँकेत, टपालखात्यात, शाळांत, न्यायालयांत काम करणाऱ्या अपंग स्त्रीपुरुषांना त्यांच्या कामाविषयी लिहिते करावे. दुःखाविषयी त्यांना पुष्कळांनी विचारले आहे. कामाविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. पहिला अर्ज कसा केला, मुलाखतीत काय विचारले गेले, पहिल्या पगाराचे काय केले, एवढेच त्यांनी लिहिले तरी मराठी गद्यात आजवर नसलेला एक अनुभव येईल.

अष्टावक्राच्या कथेत द्वारपाल त्याला अडवितो आणि तो युक्तिवादाने आत जातो, हाच भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. दारापासून सभेतील आसनापर्यंतची ती काही पावले आपल्या लेखकांनी वाकड्या पायांनीच चालून दाखवावीत, आणि कथा तेथेच पुरी करावी.